गाण्याखालचं नाव

21 ऑक्टोबर 1962, रविवार. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय ब्लूज गायक-वादक एकामागून एक मंचावर येत होते. जॉन ली हूकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, सॉनी टेरी, ब्राउनी मॅगी. हॉर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राऊ या दोन जर्मन आयोजकांनी हा ताफा युरोपात आणला होता. लंडनमधली काही पोरं खास या कार्यक्रमासाठी मँचेस्टर गाठून बसली होती. त्यांत मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स होते आणि अठरा वर्षांचा जिमी पेजही होता. ‘रोलिंग स्टोन्स’चा पहिला कार्यक्रम होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ‘लेड झेपलिन’ जन्माला यायला अजून सहा वर्षं होती. मंचावर या सगळ्यांच्या मागे, हातात उभा बास धरून एक धिप्पाड माणूस साथ करत होता. त्याचं नाव विली डिक्सन. समोरच्या पोरांना रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकून जी गाणी पाठ झाली होती, त्यांतली कितीतरी या साथीदाराने लिहिलेली होती.

रॉकच्या इतिहासात या हॉलचा उल्लेख बहुतेक वेळा प्रेरणेची गोष्ट म्हणून येतो, आणि ती आहेच. पण त्याच गोष्टीत हिशेबाचाही एक धागा आहे. आज ‘क्लासिक रॉक’ म्हणून ज्या गाण्यांची कीर्ती पन्नास-साठ वर्षं टिकली आहे, त्यांतली बरीचशी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी होती. ती नव्या हातांत गेली, वाढली, जगभर पसरली. प्रश्न होता तो रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेल्या नावांचा.

डिक्सन 1915 साली मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग गावात जन्मला. आईला यमकं जुळवून बोलायची सवय होती आणि पोरानेही ती उचलली. किशोरवयात मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतांवर राबण्याची वेळ त्याच्यावर आली. ब्लूज त्याने तिथेही ऐकला. 1936 मध्ये तो शिकागोला गेला आणि पुढच्याच वर्षी इलिनॉयची ‘गोल्डन ग्लव्हज’ मुष्टियुद्ध स्पर्धा नवोदितांच्या हेवीवेट गटात जिंकला. पण मुष्टियुद्धापेक्षा गाणं जास्त जवळचं ठरलं. एका मित्राने पत्र्याच्या डब्याला एक तार लावून त्याला पहिला बास बनवून दिला होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात जायला नकार दिला. ज्या देशात आपल्या माणसांना माणूस म्हणून वागवत नाहीत त्या देशासाठी का लढायचं, हा त्याचा सवाल होता आणि त्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. 1950 च्या दशकात तो शिकागोच्या ‘चेस रेकॉर्ड्स’ कंपनीचा कणा झाला. गाणी लिहायची, ती कुणाच्या गळ्याला शोभेल ते ठरवायचं, वादक जमवायचे, बास वाजवायचा, हे सगळं तोच करायचा. मडी वॉटर्सचं ‘हूची कूची मॅन’ (1954) त्याचंच. ‘स्पूनफुल’, ‘बॅक डोअर मॅन’, ‘लिटल रेड रूस्टर’ ही हाउलिन वुल्फने गायलेली गाणीही त्याचीच.

ही गाणी अटलांटिक ओलांडून गेली ती टपालाने मागवलेल्या आणि बोटींवरून आलेल्या तबकड्यांमधून. 1961 च्या ऑक्टोबरात डार्टफर्ड रेल्वे स्टेशनावर जॅगर आणि रिचर्ड्स या बालपणीच्या ओळखीच्या पोरांची पुन्हा गाठ पडली. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या आणि तिथून पुढची मैत्री सुरू झाली. ‘रोलिंग स्टोन्स’ हे बँडचं नावही मडी वॉटर्सच्या ‘रोलिन स्टोन’ (1950) या गाण्यावरून पडलं. जून 1964 मध्ये हे पाच जण शिकागोत चेसच्या स्टुडिओत, 2120 साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर, ध्वनिमुद्रण करून आले आणि त्या पत्त्याच्याच नावाची एक वाद्यरचना त्यांनी काढली. त्याच वर्षाच्या अखेरीला त्यांचं ‘लिटल रेड रूस्टर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. इतका संथ, गावरान ब्लूज तिथल्या यादीत अव्वल ठरला, याचं आजही नवल वाटतं. त्याच्या लेबलवर डिक्सनचं नाव होतं. 1965 मध्ये अमेरिकी टीव्हीच्या ‘शिंडिग’ कार्यक्रमात बोलावणं आलं, तेव्हा हाउलिन वुल्फलाही मंचावर आणा असा या पोरांनी आग्रह धरला. अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणांना आपल्याच देशातला हा गायक दाखवून दिला तो परदेशी मुलांनी.

नाव छापलं जाण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला त्या काळचं अर्थकारण पाहावं लागतं. गाणं लिहिणाऱ्याला प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे ठरावीक पैसे मिळतात. अमेरिकेत 1909 च्या कायद्याने हा दर एका गाण्याला 2 सेंट ठरवला होता आणि 1978 पर्यंत तो तेवढाच राहिला. त्यातलाही अर्धा वाटा साधारणपणे प्रकाशन कंपनी घेई. चेसची गाणी ‘आर्क म्युझिक’ या कंपनीकडे जात आणि तिच्या मालकांमध्ये खुद्द चेस बंधूच होते. म्हणजे गीतकाराला रेकॉर्ड काढणाऱ्याकडूनच आपला हिशेब मागावा लागे. सत्तरच्या दशकात मडी वॉटर्स आणि डिक्सन यांनी आर्कवर दावे लावले ते याचमुळे. गायकाला, वादकाला बहुधा एकरकमी पैसे मिळत. वर्षानुवर्षं घरात पैसा येत राहण्याची वाट एकच होती: गाण्याखाली आपलं नाव असणं.

स्किप जेम्स या मिसिसिपीच्या जुन्या गायकाचं उदाहरण बोलकं आहे. ‘क्रीम’ या ब्रिटिश त्रिकुटाने 1966 मध्ये त्याचं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ घेतलं आणि त्याच्याच नावावर छापलं. 1931 मध्ये मुद्रित झालेल्या, तेव्हा फारशा न खपलेल्या त्या गाण्याने कर्करोगाने खंगत चाललेल्या जेम्सला आयुष्यातली एकमेव मोठी कमाई दिली.

आता लेड झेपलिनकडे. जानेवारी 1969 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर दोन गाणी डिक्सनच्या नावाने आहेत. म्हणजे हा माणूस कोण हे त्यांना नीट ठाऊक होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दुसरा अल्बम आला आणि त्यातलं पहिलंच गाणं होतं ‘होल लॉटा लव्ह’. लेबलवर पेज, प्लांट, जोन्स, बोनम अशी चार नावं. पण रॉबर्ट प्लांट जे शब्द गातो त्यांतले कितीतरी डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’ मधले होते. लेड झेपलिनच्या आधी, 1966 मध्ये लंडनच्याच ‘स्मॉल फेसेस’ने तेच गाणं जरा बदलून ‘यू नीड लव्हिंग’ म्हणून काढलं होतं, तेही स्वतःच्याच नावावर. प्लांटची फेक आणि स्मॉल फेसेसचा गायक स्टीव्ह मॅरियट याची फेक शेजारी ठेवून ऐकली की नातं लपत नाही.

तरीही ‘होल लॉटा लव्ह’ ही नुसती नक्कल नाही, हे ठामपणे म्हणायला हवं. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी ती सुरुवातीची तुटक सुरावट, म्हणजे रिफ, जिमी पेजची आहे. डिक्सनच्या गाण्यात तिचा मागमूस नाही. मधला भाग तर त्याहून धाडसी आहे. गाणं मध्येच थांबतं, झांजा थरथरत राहतात, हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिनचे सूर एका कानातून दुसऱ्या कानात फिरतात. न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि पेज यांनी मिक्सिंगच्या टेबलावर बसून हे घडवलं. गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये ‘सीसीएस’ या वाद्यवृंदाने वाजवलेली त्याची आवृत्ती बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ची शीर्षकधून झाली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपात लंडनकडे यजमानपद सोपवताना जिमी पेजने वाजवलं ते हेच गाणं.

उसनं घेणं हा ब्लूजचा धर्मच होता, हेही खरं. कापसाच्या शेतांवर, रेल्वेच्या कामावर, दारूच्या अड्ड्यांवर एकाची ओळ दुसऱ्याच्या गाण्यात सहज जाई. डिक्सनचं ‘स्पूनफुल’ ज्या कल्पनेवर उभं आहे ती जुना ब्लूज गायक चार्ली पॅटन याने 1929 मध्ये गायली होती. ‘लिटल रेड रूस्टर’ या त्याच्या कोंबड्याच्या गाण्याच्या मागेही पॅटनचा आणि मेम्फिस मिनीचा कोंबडा आहे. आपल्याकडे संतांनी आणि शाहिरांनी नाममुद्रा गाण्याच्या पोटातच गुंफली, त्यामुळे अभंग कोणाच्याही तोंडून आला तरी कर्त्याचं नाव त्याच्याबरोबर चालतं. ब्लूजला अशी मुद्रा नव्हती. गाणं तोंडोतोंडी फिरत होतं तोवर ते कुणाला खुपलंही नाही. तबकडी आली, कायदा आला, पैसा आला आणि मग ज्याच्या नावाने नोंद तो मालक, असा नियम झाला. गावातल्या दोन गायकांनी एकमेकांची ओळ घेणं वेगळं. ती ओळ घेऊन लाखो तबकड्या विकणं आणि मूळ माणूस हयात असताना, त्याचा पत्ता माहीत असताना त्याला वगळणं वेगळं.

‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ची कहाणी याच नियमाची. हे लोकगीत अमेरिकेच्या डोंगराळ भागात किती पिढ्या फिरत होतं कोण जाणे. 1937 मध्ये लोकगीतं गोळा करत हिंडणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने केंटकीतल्या मिडल्सबरो गावात जॉर्जिया टर्नर या खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते टिपून घेतलं. न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन रॉंकने त्याला नवी स्वरमाला दिली, ती बॉब डिलनने 1962 च्या आपल्या पहिल्या अल्बमसाठी उचलली आणि न्यूकॅसलच्या ‘अ‍ॅनिमल्स’नी मे 1964 मध्ये एकाच टेकमध्ये आपलं गाणं वाजवून टाकलं. चार मिनिटांहून लांब असूनही ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अव्वल ठरलं. लेबलवर ‘पारंपरिक’ या शब्दाबरोबर संयोजक म्हणून ऑर्गनवादक अ‍ॅलन प्राइस याचं एकट्याचं नाव आलं. पाच नावं लेबलवर मावत नाहीत असं कारण तेव्हा मिळाल्याचं बाकीच्यांनी पुढे सांगितलं. गिटार हातात धरणारा प्रत्येक नवशिक्या आजही हिल्टन व्हॅलेंटाइनने वाजवलेली ती सुरुवात शिकतो. गीतकाराच्या हक्काचा पैसा मात्र व्हॅलेंटाइनपर्यंत कधी पोचला नाही.

सर्वांत लांबचा प्रवास मात्र ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा, म्हणजे ‘बांध फुटतो तेव्हा’ या गाण्याचा आहे.

1927 च्या वसंतात मिसिसिपी नदीने काठचे मातीचे बांध फोडले. 21 एप्रिलला माउंड्स लँडिंग इथे पडलेलं खिंडार सर्वांत भयानक होतं. एकूण सुमारे 27,000 चौरस मैल जमीन, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपटीहून थोडाच कमी मुलूख, पाण्याखाली गेली. सहा लाखांच्या आसपास माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिल गावाजवळ बांधाच्या माथ्यावर हजारो कृष्णवर्णीय मजूर कुटुंबं आठवडेच्या आठवडे तंबूंत अडकून पडली. बोटी होत्या, पण मजूर निघून गेले तर कापूस कोण वेचणार या भीतीने मळेवाल्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. बंदुकीच्या धाकाखाली त्यांच्याकडून बांध भरण्याचं काम करून घेतलं गेलं. दोन वर्षांनी, जून 1929 मध्ये, न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीसाठी कॅन्सस जो मॅककॉय आणि त्याची बायको मेम्फिस मिनी यांनी या पुराचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणारा जो, पण मागे नाचरी, चपळ बोटं चालत होती ती मिनीची. ब्लूजमधल्या अव्वल गिटारवादकांत तिची गणना होते. बाई असून, असं म्हणण्याची गरज तिच्या बाबतीत तेव्हाही नव्हती.

1970-71 च्या हिवाळ्यात लेड झेपलिन इंग्लंडच्या हॅम्पशर भागातल्या हेडली ग्रेंज या जुन्या, गारठलेल्या इमारतीत राहायला गेले. 1795 मध्ये गोरगरिबांना ठेवण्यासाठी ती बांधलेली होती. बाहेर स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा होता. जॉन बोनमचे ड्रम दाराशी, उंच जिन्याच्या तळाशी मांडले गेले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन जिन्याच्या वरच्या मजल्यांवरून खाली सोडले. ड्रमजवळ माइक ठेवायचा रिवाज मोडून त्याने सगळी इमारतच वाजवली. त्यावर इटालियन बनावटीच्या यंत्राचा प्रतिध्वनी चढवला आणि टेपची गती उतरवली. जो आणि मिनीचं हलकंफुलकं चालणारं गाणं अशा रीतीने सात मिनिटांचं, जड पावलांचं झालं. पुराचं पाणी कसं येतं हे मूळ गाणं सांगतं. नव्या गाण्यात ते येताना ऐकू येतं. रॉकने ब्लूजला खरोखर काय दिलं, असं कुणी विचारलं तर ही तबकडी पुढे करावी.

आणि या वेळी चार नावांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव छापलं गेलं. पक्षाघातानंतर खुर्चीला खिळलेली मिनी तेव्हा मेम्फिसमध्ये हयात होती. 1973 मध्ये ती वारली. ज्याच्या आवाजात गाणं प्रथम मुद्रित झालं तो जो मॅककॉय 1950 मध्येच गेला होता. त्याचं नाव या लेबलवर नाही. पुढे बोनमच्या त्या ठोक्यांनीच स्वतंत्र आयुष्य काढलं. 1986 मध्ये ‘बीस्टी बॉइज’नी आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात त्यांवर केली, 2016 मध्ये बियॉन्सेच्या ‘लेमोनेड’मध्ये ते पुन्हा उमटले.

न छापलेल्या नावांचा हा धागा मुंबईपर्यंतही येतो. 1972 मध्ये पेज आणि प्लांट इथे उतरले होते. इथल्या एका स्टुडिओत त्यांनी सतार, तबला, व्हायोलिन वाजवणाऱ्या स्थानिक वादकांना जमवून आपलीच दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, नव्याने वाजवून घेतली. ती टेप अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. गाण्याच्या नावापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढंच लिहिलेलं आहे.

डिक्सनने खटला लावला 1985 मध्ये. मधुमेहाने त्याचा पाय 1977 मध्येच नेला होता, वय सत्तर होतं. ‘होल लॉटा लव्ह’ आणि आपलं गाणं यांतलं साम्य त्याच्या लक्षात आणून दिलं ते त्याच्या मुलीने. 1987 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नव्या छपाईत पाचवं नाव आलं. मिळालेल्या पैशाचा काही भाग डिक्सनने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ या आपल्या संस्थेत घातला. जुन्या कलावंतांना आणि त्यांच्या वारसांना थकलेली रॉयल्टी मिळवून देणं हे तिचं काम. 1992 मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने चेसची ती जुनी इमारत विकत घेतली. 2120 साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर आता ही संस्था आहे. ज्या घरातून हिशेब बाहेर येत नसे त्याच घरात हिशेब मागायचं कार्यालय उघडलं, हे डिक्सनच्या सगळ्या गाण्यांइतकंच मोठं काम आहे.

त्यानंतर असे दावे वाढत गेले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ या नावाचं गाणं जेक होम्स या न्यूयॉर्कच्या गायकाने 1967 मध्येच काढलं होतं. 2010 मध्ये त्याने दावा केला आणि 2012 च्या अल्बमवर पेजच्या नावाबरोबर होम्सपासून प्रेरणा घेतल्याची नोंद आली. ‘स्टेअरवे टू हेवन’वरचा खटला मात्र वेगळा होता. ‘स्पिरिट’ या बँडच्या 1968 च्या ‘टॉरस’ या वाद्यरचनेतून त्याची सुरुवात घेतली, असं स्पिरिटच्या दिवंगत गिटारवादकाच्या ट्रस्टचं म्हणणं. 1968 च्या डिसेंबरात डेन्व्हरला दोन्ही बँड एकाच कार्यक्रमात वाजलेही होते. 2016 मध्ये ज्यूरीने लेड झेपलिनच्या बाजूने कौल दिला, मार्च 2020 मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला. जुन्या कायद्याप्रमाणे संरक्षण होतं ते कॉपीराइट कार्यालयात जमा केलेल्या स्वरलेखनाच्या एका कागदाला, तबकडीला नव्हे. हा निकाल योग्यच म्हणायला हवा. अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जाणारी ती चाल सतराव्या शतकात हेन्री पर्सेलच्या ऑपेरातही भेटते. तिच्यावर कुणा एकाचा हक्क सांगता येत नाही. डिक्सनचे शब्द तसे नव्हते. ते एका माणसाने बसून लिहिले होते.

लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर डिक्सनच्या नावाने आलेलं एक गाणं म्हणजे ‘यू शुक मी’. त्याचा जन्म मुळात शब्दांशिवाय झाला. शिकागोचा अर्ल हूकर हा बोटात नळी घालून तारेवरून घसरत वाजवणाऱ्यांमध्ये अजोड होता. त्याने 1961 मध्ये ‘ब्लू गिटार’ ही वाद्यरचना वाजवली. चेसला ती आवडली, डिक्सनने तिच्यावर शब्द बसवले आणि मडी वॉटर्सने हूकरच्या तयार टेपवर नुसता आवाज चढवला. गाण्याची चाल म्हणजे जवळपास हूकरची गिटारच आहे. लेड झेपलिनच्या गाण्यात प्लांटचा आवाज आणि पेजची गिटार हातात हात घालून जातात, ते त्याच वाटेने. हूकर एप्रिल 1970 मध्ये क्षयाने वारला, पहिल्या अल्बमने जग जिंकल्यानंतर सव्वा वर्षाने. ‘यू शुक मी’च्या श्रेयात आज विली डिक्सन आणि जे. बी. लेनॉर अशी दोन नावं लिहिली जातात. अर्ल हूकरचं नाव त्यांत नाही.